पिकअपचे मागचे पाटे बदलताना

पाटा, म्हणजे गाडीचा भार झेलणारी कमानदार पोलादी पट्टी, तुटला म्हणून गाडी आली की मी आधी तुटलेला तुकडा हातात मागतो. मागच्या हंगामात निफाडकडचे एक आप्पा बोलेरो पिकअप घेऊन आले. वर्षात तिसऱ्यांदा मेन पाटा (दोन्ही टोकांना बोल्टसाठी गोल डोळे असलेला सगळ्यात लांब पाटा) गेला होता. "हल्ली पाट्याचा मालच खराब येतोय," म्हणाले. तुकडा फडक्यानं पुसून उन्हात धरला. मोड बरोबर मधोमध, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून गेलेली. भोकाच्या कडेचा बोटभर भाग काळा-तांबूस, गंज चढलेला. बाकीचा राखाडी, साखरेच्या दाण्यासारखा खरखरीत. म्हणजे पाटा एका खड्ड्यात, एका दणक्यात गेला नव्हता. भोकापाशी चीर पडून बरेच दिवस झाले होते, तिच्यात पाणी शिरत होतं, आणि उरलेल्या लोखंडाला एक दिवस भार झेपला नाही. मग खाली वाकून पाटे एक्सलला (मागच्या चाकांच्या दांड्याला) आवळणारे यू-बोल्ट बघितले. गाडी घेतल्यापासूनचे तेच, आधीच्या दोन्ही वेळा परत चढवलेले. पाटा आणि यू-बोल्टची प्लेट यांच्यामधे घासून घासून चकाकी आली होती.

पाटा दोन टोकांना चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) टांगलेला असतो आणि मधे एक्सलला बांधलेला असतो. सगळ्यात नाजूक जागा मधलं भोक, कारण तिथं लोखंड कमी. पण दोन्ही यू-बोल्ट घट्ट असतील तर त्यांच्यामधला पाट्याचा भाग वाकतच नाही. तो एक्सलशी एकजीव होतो आणि लवचिकपणाचं काम बाहेरच्या दोन बाजू करतात. यू-बोल्ट सैल झाले की प्रत्येक खड्ड्याला मधला भागही वाकायला लागतो, आणि वाकण्याचा सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो. शिवाय एक्सलला जागेवर धरायचं काम एकट्या सेंटर बोल्टवर पडतं. तो बोल्ट पाटे एकत्र ठेवायला असतो, गाडी ओढायला नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात सगळ्यात जास्त जागा आवळण्याला दिली आहे.

मी बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. टाटा योद्धा असो की ४०७, बोल्टांची मापं बदलतील, रीत हीच.

पाटे खरंच गेलेत का, ते आधी बघा

गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करा. चारही टायरची हवा सारखी करा. हवा कमी असल्यामुळं गाडी झुकलेली आणि मालकानं पाटे विकत आणलेले, असं मी बघितलंय. मग मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खाली काहीतरी आहे. एक्सल आणि चेसी यांच्यामधल्या रबराच्या ठोकळ्याकडं बघा. रिकाम्या गाडीतही तो जवळजवळ टेकलेला असेल किंवा फाटून गेला असेल तर पाटे बसलेत. प्रत्येक पाट्याची कड वायर ब्रशनं घासून टॉर्चनं तपासा. आडवी बारीक तांबूस रेघ दिसली तर ती चीर समजा. नुसती कुरकुर ऐकू येत असेल तर घाई करू नका. बहुतेक वेळा शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांचे) बुश, म्हणजे आतली रबरं, गेलेले असतात, आणि ते स्वस्तात होतं.

बसलेल्या पाट्यांना "कमान मारून" देणारे कारागीर आपल्याकडं आहेत, आणि त्यातले काही हातानं फार सुबक काम करतात. थंड पाट्यावर हातोड्यानं कमान वाढवली तर गाडी उठते, पण भार पडला की काही महिन्यांत परत बसते. अडचणीच्या वेळी हंगाम काढायला ते ठीक. पाटा गॅसनं लाल करून वाकवायला मात्र कोणालाही देऊ नका. कारखान्यात हे पोलाद साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा मोजक्या आचेवर तापवून चिवट करतात. गॅसच्या ज्योतीत तो पाणी दिलेला गुण निघून जातो, आणि हातात उरते साधी पट्टी. वेल्डिंगचंही तेच. तुटलेला पाटा जोडून घेऊन घाटात माल भरून जाणाऱ्याला मी हात जोडून थांबवतो.

पाटे विकत घेताना

दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवलात तर गाडी नव्या बाजूनं उंच राहील आणि जुन्याचा भार वाढेल.

जुना पाटा उतरवून, नवा शेजारी ठेवून मापं जुळवणं सगळ्यात खात्रीचं. पण दुकानात जायच्या आधी गाडीवरच पाट्याची रुंदी, संख्या आणि जाडी लिहून घ्या. जाडी व्हर्नियरनं मोजा, डोळ्यांनी नको. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. ९ मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा आला तर डोळ्याला फरक कळत नाही, पण कडकपणा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. "साहेब, तोच आहे, थोडा हलका आहे एवढंच" या वाक्यावर पैसे देऊ नका.

मधल्या भोकापासून पुढच्या डोळ्यापर्यंतचं अंतर आणि मागच्या डोळ्यापर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा. पुष्कळ गाड्यांत ते सारखं नसतं. असा पाटा उलटा चढवला तर एक्सल पुढं-मागं सरकतो. दुकानदाराकडून पाट्याबरोबर नवीन यू-बोल्ट, त्यांचे नट आणि वायसर, चारही डोळ्यांचे बुश, शॅकलचे बुश आणि डोळ्यांचे बोल्ट घेऊनच निघा. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की तो ताणला जातो, त्या ताणातच त्याची पकड असते. सोडून परत आवळला की ती पकड तितकी येत नाही. पाट्यांच्या खर्चापुढं यू-बोल्टची किंमत काहीच नाही, आणि आप्पांचे नंतरचे दोन पाटे गेले ते याच बचतीपायी.

आता जादा पाट्याबद्दल, कारण प्रत्येक दुसरा गिऱ्हाईक तो मागतो. समजा पाच सारखे पाटे आहेत आणि सहावा टाकला, तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्श्यानं वाढतो. हौदा उंच दिसतो, मालक खूश होतो. पण एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, चेसी सगळं आहे तेच राहतं. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं धरलं तर १.७ टनाच्या पिकअपात ८५ क्रेट बसतात, क्रेटचं स्वतःचं वजन वेगळं. सव्वाशे क्रेट भरले की अडीच टन झाले. तेवढ्या वजनाला थांबवायला ब्रेक मात्र १.७ टनाचेच. कायद्यानंही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे. मी जादा पाटा टाकून देत नाही, आणि का देत नाही ते समोर बसवून सांगतो.

उचलायच्या आधी

काम दोघांचं आहे. पाट्याचा पूर्ण संच एकट्यानं पोटावर घेऊन चढवायला जाऊ नका.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांचे आटे वायर ब्रशनं साफ करून त्यांवर गंज सोडवायचं तेल मारा. सकाळी परत एकदा. या दोन फवाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीचे दोन तास वाचतात. हत्यारांत बॉक्स पान्हे, लांब दांडा, टॉर्क पान्हा, हातोडा, पितळी दांडा, पहार, सी-क्लॅम्प, दोन जॅक आणि दोन भक्कम लोखंडी स्टँड हवेत.

गाडी पक्क्या फरशीवर घ्या, गिअरमध्ये टाका, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्या चाकांना असतो आणि मागची चाकं हवेत जाणार आहेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग एक्सलच्या मधल्या गोळ्याखाली (डिफरन्शियलखाली) जॅक लावून मागची बाजू उचला, आणि पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पुढचा डोळा धरणाऱ्या चेसीवरच्या ब्रॅकेटच्या) थोडं पुढं, चेसीच्या दोन्ही बाजूंना स्टँड द्या. जॅक खाली घेत गाडी स्टँडवर बसवा. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, रचलेले दगड यांच्यावर गाडी ठेवून खाली कोणी जाऊ नये. वीट फुटताना आधी सांगत नाही. गाडी स्टँडवर बसल्यावर बाजूनं जोरात धक्का देऊन बघा. हलली तर परत उचलून नीट बसवा. हे झाल्याशिवाय मी पोराला गाडीखाली जाऊ देत नाही.

जॅक एक्सलखालून काढायचा नाही. स्टँडनी चेसी धरली, जॅकनं एक्सल धरला, असं दोन वेगळ्या आधारांवर काम चालतं. एक्सलला वर-खाली करायचं हत्यार तोच जॅक.

जुना पाटा उतरवणं

एका वेळी एकच बाजू सोडा. दुसऱ्या बाजूचा पाटा एक्सलला जागेवर धरून ठेवतो. दोन्ही सोडल्या तर एक्सल फिरतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि एक्सलला इंजिनची ताकद देणाऱ्या शाफ्टवर ओढ येते.

चाक काढा. शॉकअपचं (शॉक अॅब्सॉर्बरचं) खालचं टोक सोडा. एक्सलवरून चेसीवरच्या व्हॉल्व्हला जाणारी बारीक सळई असेल तर तिची जागा खडूनं खूण करून, मोबाइलवर फोटो काढून मगच सोडा. तिच्याबद्दल पुढं बोलतो. आता जॅक हळूहळू खाली घ्या, पाट्यावरचा भार जाईपर्यंत. एक डोळा कायम ब्रेकच्या नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर.

यू-बोल्टचे नट सोडवा. अडकले तर तेल मारून, एकदा आवळून, मग सोडा. तरीही नाही सुटले तर ग्राइंडरनं कापा, यू-बोल्ट तसेही टाकायचेच आहेत. कापण्याआधी ठिणग्या कुठं जातात ते बघा: डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग. गाडी सीएनजीची असेल तर ठिणगी उडेल असं काहीच गाडीपाशी नको. लांब दांडा आणि धीर.

पाटा आणि एक्सल यांच्यामधे पाचरीसारखी उताराची पट्टी निघाली तर जाड बाजू पुढं होती की मागं, ते लिहून ठेवा. शाफ्टचा कोन त्या पट्टीवर असतो. उलटी बसली की गाडी वेगात थरथरते, आणि मग लोक शाफ्टचे जॉइंट बदलत बसतात.

आधी मागचं शॅकल सोडवा, मग पुढच्या डोळ्याचा बोल्ट. हा पुढचा बोल्ट सगळ्यात जास्त रडवतो. बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एक झालेले असतात. नट बोल्टच्या टोकाशी येईल इतकाच ठेवा, म्हणजे ठोकताना आटे चेपत नाहीत, आणि पितळी दांडा धरून ठोका. बोल्ट बाहेर यायला टाकी आडवी येत असेल तर टाकीचे पट्टे ढिले करून ती थोडी सरकवा; बोल्ट वाकवून काढायची खटपट करू नका. शेवटचा बोल्ट निघताना दुसऱ्या माणसानं पाट्याचा भार धरलेला असावा.

सेंटर बोल्ट तुटलेला असेल किंवा तो काढायचा असेल तर आधी दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प आवळा. पाट्यांची कमान एकमेकींपेक्षा वेगळी असते, बोल्टनं त्यांना दाबून धरलेलं असतं. क्लॅम्प न लावता सोडलात तर पाटे उसळून हातावर येतात.

पाटा उतरल्यावर मिळणारी दहा मिनिटं

ही जागा परत उघडी पडणार नाही, म्हणून इथं वेळ घाला. हँगरच्या रिवेटभोवती चेसीला चीर आहे का, शॅकलच्या पट्ट्या वाकल्यात का, एक्सलवरची बैठक (पाटा टेकतो ती जागा) सपाट आहे का, हे बघा. बैठकीतलं गोल भोक बोट घालून तपासा. सैल यू-बोल्टवर चाललेल्या गाडीत ते लांबट झालेलं असतं. आप्पांच्या गाडीत ते बोटाला स्पष्ट लागलं. तसं असेल तर बैठक नीट करून घेतल्याशिवाय नवा पाटा चढवू नका. रंगाचे पोपडे आणि माती खरवडून काढा. बैठकीत राहिलेला गंजाचा थर नंतर चुरा होऊन निघून जातो आणि तेवढे यू-बोल्ट ढिले पडतात.

रबरी बुश वाइसमध्ये धरून, योग्य मापाच्या नळीनं सरळ दाबून बसवा. घसरायला साबणाचं पाणी वापरा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर त्यानं फुगतं आणि मऊ पडतं. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फवारायची आपल्याकडं पद्धत आहे. गंजासाठी ते करतात, पण पाट्यांचे बुश त्यातच लवकर जातात. मोठ्या गाड्यांत पितळी बुश आणि ग्रीसचं निपल असतं, त्यांना मात्र ग्रीस हवंच, आणि नियमित हवं.

नवा पाटा चढवणं

पुढचा डोळा हँगरमध्ये घालून बोल्ट पार करा, नट हातानं लावा. मागं शॅकल लावा, तेही हातानं. इथं पान्हा लावायचा मोह होतो. लावू नका.

आता जॅकनं एक्सल हळूहळू पाट्याला भेटवा. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसलं पाहिजे. ते कडेवर चढलं तरी वरवर सगळं बसल्यासारखं दिसतं, आणि यू-बोल्ट आवळले की एक्सल तिरका अडकतो. दुसऱ्या माणसानं टॉर्च धरावी, पहारीनं पाटा किंचित हलवत डोकं आत जाऊ द्यावं. आत गेलं की "टक" असा बारीक आवाज येतो आणि पाटा बैठकीवर सपाट टेकतो, मधे फट राहत नाही. ही फट नाही याची खात्री चारही बाजूंनी करून घ्या.

यू-बोल्ट आणि प्लेट लावा. चारही नट हातानं समान टेकवा, प्रत्येक बाजूला आटे सारखे बाहेर आले पाहिजेत. मग तिरपे-तिरपे आवळा: पुढचा आतला, मागचा बाहेरचा, पुढचा बाहेरचा, मागचा आतला. एकदम पूर्ण नाही. सर्व्हिस पुस्तकात जो आकडा असेल त्याच्या एक तृतीयांशावर एक फेरी, दोन तृतीयांशावर दुसरी, पूर्ण आकड्यावर तिसरी, आणि त्याच आकड्यावर आणखी एक. चौथ्या फेरीत पहिला नट बहुतेक वेळा थोडा फिरतो, कारण बाकीचे आवळताना तो सैल पडलेला असतो.

आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. हाताला अंदाज यावा म्हणून सांगतो: १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगल्याइतका जोर, दांडा अर्धा मीटरचा असेल तर २० किलो. पाइप चढवून, अंगाचा सगळा भार टाकून आवळणारा या आकड्याच्या कुठल्या कुठं जातो, आणि यू-बोल्ट ताणून बाद करतो. टॉर्क पान्हा नसेल तर त्या दिवसापुरता मागून आणा.

एवढं झाल्यावर शॉकअप लावा, चाक लावा, आणि हीच सगळी रीत दुसऱ्या बाजूला.

डोळ्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावर

स्टँड काढून गाडी चाकांवर उभी करा. हौद्यावर उभं राहून चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पाटे आपल्या जागी येतात. आता खाली जाऊन पुढच्या डोळ्याचा बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळा. बोल्ट आवळला की बुशच्या आतली नळी जागेवर घट्ट पकडली जाते, आणि गाडी वर-खाली होते तेव्हा तिच्याभोवतीचं रबरच पिळलं जातं. गाडी हवेत असताना बोल्ट आवळले तर लोंबत्या पाट्याची स्थिती त्या रबरासाठी मूळ जागा ठरते. गाडी खाली ठेवल्याक्षणी ते पिळलेलं, माल भरला की आणखी पिळलेलं. असे बुश थोड्याच दिवसांत फाटतात, गाडीही थोडी उंच आणि आखडलेली राहते. नवे पाटे टाकल्यावर "गाडी दगडासारखी चालते" अशी तक्रार आली की मी आधी डोळ्यांचे बोल्ट ढिले करून, गाडी जमिनीवर ठेवून, परत आवळतो.

मग ती सळई. काही पिकअपांत चेसीवरचा व्हॉल्व्ह गाडीच्या उंचीवरून भार ओळखतो आणि त्या हिशोबानं मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवतो. नव्या पाट्यांनी गाडी उंच झाली की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मापाला सळई लावून घ्या. जमत नसेल तर हे एकच काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करून घ्या, पण टाळू नका.

शेवटी टेप. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, स्टिअरिंग सरळ ठेवून, दोन्ही बाजू मोजा. फरक दिसला तर एक्सल तिरका बसलाय. सेंटर बोल्ट परत बघा. अशी गाडी मागून बघितली की कुत्र्यासारखी तिरकी पळताना दिसते आणि टायर खाते.

पहिली खेप रिकामी मारा, साधारण ५० किलोमीटर, थोडा खराब रस्ता असलेली. परत येऊन यू-बोल्ट त्याच आकड्याला तपासा. पाटे, बैठक, प्लेट एकमेकांत रुळतात, रंग दबतो, आणि नट बहुतेक वेळा थोडा फिरतो. पुन्हा ५०० किलोमीटरला, तेव्हा माल भरून झालेला असतो. आवळून झालं की प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नंतर चाकापाशी वाकून नुसतं बघितलं तरी रेघ तुटलेली दिसते. आप्पांच्या गाडीला मी चार-चार रेघा ओढून दिल्या. दर सोमवारी माल भरायच्या आधी ते आता खाली वाकून त्या बघतात.